सकाळी लासलगाव, संध्याकाळी डोंबिवली: सभेनुसार भाषण बदलताना होणारे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात ही तक्रार हमखास येते. सकाळी बाजार समितीच्या आवारात बोललेलं वाक्य दुपारपर्यंत शहरातल्या व्हॉट्सॲप गटांवर पोचतं आणि उमेदवार "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला" असं सांगत बसतो. घाबरून कार्यालय सगळीकडे एकच छापील भाषण चालू करतं. मग तिसऱ्या मिनिटाला मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात, स्थानिक कार्यकर्ते कुरकुरतात की साहेब आमच्या गावाचं काहीच बोलले नाहीत, आणि पुन्हा गावागणिक भाषण बदलायला सुरुवात होते. आठवडाभरात पुढची क्लिप तयार.

बिघाड बहुतेक वेळा तयारीत असतो. भाषणातलं काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कुणी कागदावर लिहिलेलंच नसतं. त्यामुळे व्यासपीठावर समोरचे चेहरे बघून जे सुचेल ते हलतं. सगळ्यात आधी हलते ती भूमिका, कारण टाळी तिथेच लवकर मिळते.

आधी दोन भाषणं कागदावर उतरवा

गेल्या आठवड्यातल्या दोन सभा निवडा. श्रोते जितके वेगळे तितकं बरं: एक पाड्यावरची कोपरा सभा, एक गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातली बैठक. दोन्हींचं रेकॉर्डिंग शब्दशः लिहून काढा. नुसतं ऐकून भागत नाही. आवाज आणि ढब तीच असल्यामुळे कानाला दोन्ही भाषणं एकसारखी वाटतात. बारा मिनिटांचं भाषण साधारण बाराशे-तेराशे शब्दांचं निघतं, म्हणजे दोन्ही मिळून एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम.

मग तीन रंगांची पेनं घ्या. उदाहरण, वर्णन, गावाचा उल्लेख निळ्याने अधोरेखित करा. "आमचं म्हणणं असं आहे" या जातीची वाक्यं काळ्याने. "करू, देऊ, आणू" असं आश्वासन असेल ते लाल. आता दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त काळी वाक्यं वाचा.

काळ्याला काळं सरळ छेद देत असेल तर दोष उघड आहे. पण तसं क्वचित होतं. जास्त वेळा दिसतं ते असं: एका कागदावर निर्यातीवर पाच मिनिटं आहेत आणि दुसऱ्यावर निर्यात हा शब्दच नाही. उमेदवार म्हणतो, मी खोटं कुठे बोललो? बरोबर आहे. पण ज्या श्रोत्यांना ती भूमिका आवडणार नव्हती, नेमकं त्यांच्यासमोर ती गिळली. लोकानुनयाचा हा सगळ्यात सभ्य प्रकार आहे आणि क्लिप सर्वाधिक यातूनच निघतात, कारण दुसऱ्या गावाला ते वाक्य नवीन असतं.

लाल वाक्यं एका सभेत तीनपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्यांचा विषय खाली आहे, तो आधी वाचा. आणि निळं जवळपास नसेलच तर तुमचा आजार उलटा आहे: भाषण सगळीकडे तेच आहे आणि ते कुणालाच उद्देशून नाही.

अभंग एक, दृष्टांत वेगळे

वारकरी कीर्तनकार हे काम पूर्वीपासून करत आले आहेत. निरूपणाला घेतलेला अभंग गावोगाव तोच; शेतकऱ्यांच्या गावात दृष्टांत पेरणीचा, बाजारपेठेत तराजूचा. अभंगाचं चरण कुणी गावाप्रमाणे बदलत नाही. भाषणाचंही तसंच करायचं, फक्त आपला अभंग आधी लिहून काढावा लागतो.

प्रत्येक विषयासाठी चार ओळी. पहिली: आमची भूमिका काय. दुसरी: ती अमलात आणणं कुणाच्या हातात आहे. तिसरी: खर्च कोण सोसणार. चौथी: यामुळे कुणाला त्रास होईल. पाच विषय घेतले तर वीस ओळी, एका पानात बसतात. हे पान वक्त्याच्या खिशात, भाषण लिहिणाऱ्याच्या टेबलावर आणि प्रत्येक तालुक्याच्या प्रचारप्रमुखाकडे हवं.

चौथी ओळ लिहायला सगळे टाळाटाळ करतात. "याने कुणालाच त्रास नाही" असं लिहून आणतात. असा विषय असेल तर तो निवडणुकीचा विषय नाही, स्वच्छता पंधरवड्याचा आहे.

या वीस ओळींना सभेनुसार हात लावायचा नाही. बाकी सगळं मोकळं: विषयांचा क्रम, उदाहरण, मोजमाप, शब्द, लांबी, सुरुवातीचा प्रश्न.

नमुना: कांदा

समजा, भूमिका अशी ठरली आहे (पटो न पटो, नमुना म्हणून घ्या): हंगामाच्या मध्येच निर्यातीचे नियम बदलायचे नाहीत, शहरात भाव भडकले तर सरकारने राखीव साठ्यातला कांदा बाजारात आणावा. दुसरी ओळ: निर्यातीचा निर्णय केंद्राचा, खासदार तो संसदेत मांडू शकतो, आमदार फक्त मागणी करू शकतो. तिसरी: साठ्यातला तोटा तिजोरीतून, म्हणजे सगळ्या करदात्यांकडून. चौथी: भाव चढलेल्या दिवसांत शेतकऱ्याच्या हातून थोडा नफा जाईल, आणि काही आठवडे शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महागच पडेल.

लासलगावात तारखांची जंत्री वाचू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. समोरच्याला हे तुमच्यापेक्षा चांगलं पाठ आहे. तिथे एक प्रश्न पुरतो: "चाळीत कांदा भरला तेव्हा नियम कोणता होता, आणि चाळ फोडली तेव्हा कोणता?" मग हिशोब क्विंटलमध्ये. वीस क्विंटलची गाडी असेल आणि भाव क्विंटलला ५०० ने पडला, तर एका गाडीमागे १०,००० रुपये गेले. इथवर टाळ्या मिळतीलच. त्यानंतर चौथी ओळ: "शहरात भाव फारच चढला तर राखीव कांदा विक्रीला येईल, त्या दिवसांत तुमच्या भावाला कात्री लागेल. त्याला मी विरोध करणार नाही."

डोंबिवलीत उलटं. तिथे तारखा सांगाव्या लागतात, कारण बंदी कधी आली आणि कधी उठली हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो, शेतकरी तो साठवतो आणि पावसाळा संपेपर्यंत थोडा थोडा विकतो. साठ्यात त्याचं वजन घटतं, काही सडतो. नवा लाल कांदा यायच्या आधीच्या आठवड्यांत भाव चढतो. हे दोन मिनिटांत सांगा. आणि एक सावधगिरी: "कांदा चाळ" म्हणाल तर ती जाळीच्या भिंतींची, वारा खेळता राहील अशी उभारलेली लांबट शेड असते, हेही सांगा. डोंबिवलीत चाळ म्हणजे एक खोली आणि सामाईक गॅलरी. हिशोब किलोत. घरात महिन्याला पाच किलो कांदा लागत असेल आणि किलोमागे २० रुपये वाढले, तर महिन्याला १०० रुपये जास्त. मग चौथी ओळ: "कांदा महागला म्हणून निर्यात बंद करा, अशी मागणी मी करणार नाही. राखीव साठा बाहेर काढा, ही करीन."

दोन्हीकडे दोन्ही हिशोब द्यायचे, फक्त क्रम उलटा. लासलगावात १०,००० आधी आणि १०० नंतर, डोंबिवलीत १०० आधी. एकीकडचा आकडा दुसरीकडे पूर्ण गाळला तर ती पुन्हा तीच गिळलेली भूमिका.

न आवडणारं वाक्य कुठे ठेवायचं? सुरुवातीला ठेवलं तर पुढचं कुणी ऐकत नाही. शेवटी ठेवलं तर लोक तेवढंच घेऊन घरी जातात. बारा मिनिटांच्या भाषणात सातव्या-आठव्या मिनिटाला, उदाहरण पुरतं रुजल्यावर. "माफ करा, पण" अशी प्रस्तावना नको. वाक्य सरळ म्हणायचं, लगेच कारण द्यायचं आणि तीन सेकंद थांबायचं. कुजबुज होते, होऊ द्या. कुजबुज बुजवायला वक्ता घाईने गोड बोलायला लागतो, आणि सांभाळून आणलेली भूमिका तिथेच सांडते.

"आम्ही कुणाची खुशामत केली नाही, तरी क्लिप उलटली"

खुशामत नसेल, गैरहजर माणसाला शिव्या असतील. श्रोत्यांना खूश करण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्तुती नव्हे, तिथे नसलेल्याची निंदा. गावात शहरवाल्यांना "एसीत बसून", शहरात शेतकऱ्याला "सगळं फुकट पाहिजे", ऊस उत्पादकांसमोर तोडणी कामगार, कामगारांसमोर बागायतदार. टाळी कडकडून मिळते, कारण बाजू घ्यायला तिथे कुणी नसतं.

तपासणी सोपी आहे. लिहिलेल्या भाषणात "ते", "ती माणसं", "तिकडचे लोक" शोधा. जिथे सापडेल तिथे त्या माणसाचं काम आणि नाव घालून वाक्य पुन्हा लिहा: "ऊसतोडणी कामगार", "सोसायटीतले भाडेकरू". निम्मी वाक्यं तिथेच गळून पडतात, ती लिहायला आपलाच हात धजत नाही. उरलेल्यांना अदलाबदलीची चाचणी लावा: हेच वाक्य त्या माणसांच्या समोर, त्यांच्या सभेत म्हणता येईल का? शब्द थोडे मवाळ होतील, चालतं. अर्थ बदलावा लागणार असेल तर वाक्य काढा.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक खाच आहे. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला "उचल" म्हणजे कारखान्याकडून मिळणारा बिलाचा पहिला हप्ता. बीडच्या तोडणी कामगाराला "उचल" म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी कोयत्याने फेडायची असते. "उचल वाढली पाहिजे" हे वाक्य पहिल्या सभेत मागणी आहे, दुसऱ्या सभेत कर्ज वाढवण्याची भाषा. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो, म्हणजे मजुरी वाढवू म्हणताना चौथ्या ओळीत शेतकरी येतो. दोन्ही सभांत हे एकाच तोंडाने सांगायची तयारी नसेल तर उसावर बोलूच नये.

चिठ्ठ्या

भाषण छान लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते व्यासपीठावर येणाऱ्या चिठ्ठ्यांनी मोडतं. "साहेब, स्मशानभूमीचा रस्ता घ्या." "एसटी मुक्कामी पाहिजे." "चारीला पाणी." वक्ता चिठ्ठी वाचतो, समोरून हात वर होतात, आणि तोंडातून निघतं: "हा विषय मार्गी लावू." एका संध्याकाळी पाच गावं झाली की वीस-पंचवीस आश्वासनं तयार, आणि त्यांची नोंद कुठेच नाही.

यातली सगळ्यात घातक ती, जी एकमेकांना खातात. एकाच कालव्यावर वरच्या गावात "आवर्तन वाढवून देऊ" आणि शेवटच्या गावात "आधी टेलला पाणी" हे दोन्ही म्हटलं की पहिल्याच टंचाईच्या उन्हाळ्यात दोन्ही गावं एकाच दिवशी दारात येतात. पाणी तेवढंच आहे.

दुरुस्ती अशी. चिठ्ठ्या वक्त्याच्या हातात जाऊ द्यायच्या नाहीत. व्यासपीठाच्या कडेला एक माणूस बसवा. तो सगळ्या घेईल, मागे लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन घालून घेईल आणि शेवटची तीन मिनिटं उरली की फक्त दोन पुढे करेल. कोणत्या दोन, हे तो एका कार्डावरून ठरवेल. कार्डावर लिहिलेलं असतं, काय कुणाच्या हातात आहे. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराचं कार्ड साधारण असं: ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, पण राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. एसटी महामंडळाकडे. शेतीपंपाची लाइट महावितरणकडे. रेल्वेचा थांबा केंद्राकडे. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, तीही केंद्राकडे: ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ खाली ती ठरते, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. जिल्हा परिषदेच्या सभेत "उसाला टनाला चार हजार देऊ" म्हणणारा उमेदवार दुसऱ्याच्या खिशातून दान करतो आहे. त्याला म्हणता येण्याजोगं वाक्य वेगळं आहे: एफआरपीची रक्कम १४ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं, तुमच्या कारखान्याने ते दिलं का, हे साखर आयुक्तांकडे मी लेखी विचारीन.

क्रियापदांची शिस्तही लावून घ्या. "करीन" फक्त तेव्हा, जेव्हा अधिकार आपला आणि पैसा कुठून येईल हे ठाऊक असेल. अधिकार दुसऱ्याचा असेल तर "मागणी करीन", आणि लगेच कुणाकडे व कधीपर्यंत. होणार नसेल तर "होणार नाही". या तिन्हींच्या मधले शब्द भाषणातून हद्दपार: मार्गी लावू, सकारात्मक आहोत, तातडीने, पाहू. "बघू" म्हणजे नाही, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही कळतं. बोलणाऱ्यालाच वाटत असतं की आपण हो म्हणालो.

रात्री कार्यालयात नोंदवही: तारीख, गाव, बोललेलं नेमकं वाक्य, कुणाचा अधिकार, पुढचं पाऊल. दुसऱ्या दिवशीच्या गावांना निघण्याआधी शेजारच्या गावांची पानं चाळायची. कालव्यासारखी भानगड इथेच सापडते. ज्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या नाहीत त्यांना आठ दिवसांत फोन.

जाहीरनाम्यालाही हाच नियम लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यासंबंधी भाग घातला. आश्वासनामागचं कारण आणि पैसा उभा करण्याचा ढोबळ मार्ग सांगावा, आणि पाळता येतील अशाच आश्वासनांवर मतदारांचा विश्वास मागावा, अशी त्यात अपेक्षा आहे. छापील जाहीरनाम्यात हे सांभाळायचं आणि चौकात सोडून द्यायचं, याला अर्थ नाही.

बोलीचा वेष

खानदेशात अहिराणीची दोन वाक्यं पाठ करून म्हणायची, कोकणात गाऱ्हाणं घालून लोकांकडून "व्हय महाराजा" वदवून घ्यायचं, धनगरवाड्यात खांद्यावर घोंगडं, कोल्हापुरात फेटा. फेटा कुणी बांधला तर बांधून घ्यावा, तो यजमानाचा मान आहे. पण जी बोली घरात बोलत नाही ती माइकवर बोलू नये. चुकीचा हेल पहिल्या वाक्यात पकडला जातो आणि मग उरलेली अकरा मिनिटं लोक मजकूर सोडून हेल ऐकतात. गाऱ्हाण्याचं तर आणखी वेगळं. ते देवापुढे घालायचं असतं, घालणारा गावकर-मानकरी ठरलेला असतो. मतांसाठी त्याची नक्कल केली की हसतात आणि दुखावतातही.

बोली घेऊ नका, नामं घ्या. आपल्या नेहमीच्या मराठीत बोलायचं, फक्त वस्तूचं नाव तिथलं. शेतात जाणारी वाट कोल्हापुरात पाणंद आहे, विदर्भात पांदण. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात, कापसाच्या झाडाला पऱ्हाटी. कोकणात ओढ्यावरचा छोटा पूल म्हणजे साकव आणि दगडी पायवाट म्हणजे पाखाडी; "तुमच्या वाडीचा साकव" म्हणणारा माणूस तिथे जाऊन आलेला वाटतो. वस्तीचंही तसंच: कोकणात वाडी, आदिवासी भागात पाडा, बंजाऱ्यांचा तांडा, यवतमाळकडे कोलामांचं पोड. एका भाषणात असे तीन-चार शब्द पुरे. दहा झाले की तोही वेषच.

"मीही शेतकऱ्याचाच मुलगा" हे वाक्य असेल तर सातबारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न येणार, हे धरूनच ठेवा.

हे शब्द कुठून मिळवायचे? स्थानिक कार्यकर्ता एकटा पुरत नाही. तो तुम्हाला जे ऐकायचं आहे ते सांगतो. सभेच्या आदल्या दिवशी आणखी तीन फोन करा: विरोधी गटाचा एखादा ग्रामपंचायत सदस्य, किराणा दुकानदार, आणि रोज मुलांना सोडणारा वडापवाला किंवा रिक्षावाला. विचारायचं एवढंच: मागच्या निवडणुकीत इथे कुणी काय कबूल केलं होतं, त्यातलं काय झालं? सध्या गावात भांडण कशावरून आहे? या रस्त्याला, नाल्याला, टाकीला तुम्ही काय म्हणता? आणि शेतीपंपाची थ्री-फेज लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री? शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. लाइट रात्री दहाला येणार असेल तर साडेनऊला शेतकरी उठतो, भाषण कितीही चांगलं असो. दूध संकलनाची वेळही विचारून घ्या.

जातीचा किंवा समाजाचा मेळावा

इथे कायदा आधी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. पूर्वी वाद असा होता की ही बंदी फक्त उमेदवाराच्या धर्म-जातीपुरती, की मतदाराच्याही. २ जानेवारी २०१७ ला अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की मतदाराचीही. प्रकरण मूळचं मुंबईतलंच, सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीचं.

व्यवहारात याचा अर्थ: "आपल्या समाजाचा माणूस म्हणून" हे शब्द लिहूच नका, आणि सूत्रसंचालकालाही आधी सांगून ठेवा, कारण बहुतेक वेळा ते वाक्य त्याच्या तोंडून निघतं. वसतिगृहातल्या जागा, दाखल्याला लागणारा वेळ, शिष्यवृत्ती कधी खात्यावर जमा होते, यावर बोला. आरक्षणासारख्या विषयावर दोन समाजांच्या मेळाव्यांत जायचं असेल तर अदलाबदलीची चाचणी इथे सक्तीची. तीत नापास होणारं वाक्य दोन्हीकडून काढायचं.

बायकांचा मेळावा, परीक्षा देणारी मुलं

बचत गटाच्या मेळाव्यात सिलिंडर, हळदी-कुंकू आणि "माता-भगिनी" यांवर दहा मिनिटं जातात. समोर बसलेल्या बाईला कर्जाचा व्याजदर, बँकेच्या फेऱ्या आणि पापड-लोणच्याला मिळणारं दुकान यांत रस असतो. मासिक मदतीच्या योजनांवर बोलायचं तर तिसरी ओळ, म्हणजे पैसा कुठून, इथेही सांगायची. बायकांना आकडे नको असतात हा समजच अपमान आहे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांपुढे उलटी चूक होते: आकड्यांची फेक. ती मुलं चालू घडामोडी रोज पाठ करतात; चुकलेली पदसंख्या तिथल्या तिथे दुरुस्त करतील. आणि ती सगळी एका मताची नसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या आंदोलनानंतर राज्यसेवेची वर्णनात्मक पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली, तेव्हा ती लगेच हवी असणारीही मुलं होतीच. "विद्यार्थ्यांची मागणी" म्हणण्याआधी कोणत्या, हे ठरवा.

वेळ

मैदानात भोंग्याचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो, त्यामुळे मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जाऊ नका. सभागृहात सव्वाशे चालतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो. सातची सभा साडेआठला सुरू होऊन सत्कार आणि "व्यासपीठावर उपस्थित" यांत जवळजवळ दीड तास गेला की वक्त्याला बारांऐवजी सहा मिनिटं मिळतात. घाईत काय गळतं? न आवडणारं वाक्य. म्हणून सहा मिनिटांचीही प्रत लिहून ठेवा. तीत निळं निम्मं कापायचं, काळं तेवढंच ठेवायचं आणि चिठ्ठ्या रद्द.

क्लिप बाहेर पडलीच तर

आधी पूर्ण रेकॉर्डिंग बघा, मगच बोला. तीन शक्यता असतात.

वाक्य खरंच तोडलेलं असेल तर क्लिपच्या आधीचं आणि नंतरचं एकेक मिनिट जोडून तोच तुकडा तासाभरात टाका. खुलाशाचं पत्रक काढू नका. पत्रक कुणी पुढे पाठवत नाही.

वाक्य तोडलेलं नाही पण भूमिकेशी जुळत नाही, अशी वेळ असेल तर "विपर्यास" हा शब्द वापरू नका. पूर्ण रेकॉर्डिंग दुसऱ्याकडेही असतं. वक्त्याने त्याच दिवशी, पुढच्या सभेत, भाषणाच्या पहिल्या दोन मिनिटांत चार वाक्यं म्हणायची: काल अमुक गावात मी असं म्हणालो. ते चूक होतं. आमची भूमिका ही आहे. कालच्या गावात मी परवा जाऊन हेच सांगणार आहे. मग खरोखर जायचं आणि तिथलंही रेकॉर्डिंग टाकायचं. हे दुसरं जाणं बहुतेक जण चुकवतात आणि मग कालचं गाव म्हणतं, आम्हाला एक सांगितलं आणि शहराला दुसरं.

तिसरी शक्यता: वाक्य तोडलेलं नाही, भूमिकेशी जुळतं, फक्त दुसऱ्या गावाला ते आवडलेलं नाही. तेव्हा दुरुस्त करायचं काही नसतं. पुढच्या सभेत त्या विषयाचा क्रम वर घ्या, चौथी ओळ आधीपेक्षा सावकाश म्हणा, आणि खिशातलं पान होतं तसंच राहू द्या.